घराजवळची पुळण: आर.व्ही. घेऊन लेक मिशिगनच्या काठी, पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

शिकागो, नेपरव्हिल, ग्रँड रॅपिड्स, डेट्रॉइट या पट्ट्यातल्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय निघाला, की बोलणं फ्लोरिडा नाहीतर कॅनकूनवर येऊन थांबतं. विमानाची तिकिटं, हॉटेल, तिथे पुन्हा भाड्याची गाडी. आणि मुलांना शेवटी हवं असतं ते वाळू आणि पाणी. ते आपल्याकडे जवळच आहे. लेक मिशिगन सुमारे ४९४ किलोमीटर लांब, रुंदी कुठे कुठे १९० किलोमीटर. काठावर उभं राहिलं की पलीकडचं काही दिसत नाही, लाटांचा आवाज येत राहतो, फक्त हवेला खारटपणा नसतो. याच सरोवराच्या दक्षिण आणि पूर्व काठावर गोड्या पाण्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांचा, म्हणजे ड्यून्सचा, जगातला सगळ्यात मोठा पसारा आहे.

दिवसभरासाठी साध्या गाडीनेही जाता येतं. पण जुलैतल्या कडक उन्हाच्या शनिवारी दुपारच्या आत पार्किंग भरून जातं, रांगेत मुलं कंटाळतात, आणि सूर्यास्त व्हायच्या आधीच परतायची घाई सुरू होते. आर.व्ही., म्हणजे आत पलंग, ओटा आणि स्वच्छतागृह असलेली गाडी, घेऊन मुक्काम पार्कातच केला तर सकाळी सातची मोकळी पुळण मिळते आणि संध्याकाळही हातची जात नाही. पश्चिम मिशिगनमध्ये जूनअखेर सूर्य साडेनऊच्या सुमाराला, थेट पाण्यात मावळतो. भारतातून आलेल्या आई-बाबांना दुपारी अंग टाकायला पलंग आणि हाताशी स्वच्छतागृह असतं. म्हणून मला इथे हॉटेलपेक्षा आर.व्ही. बरी वाटते.

पहिल्या खेपेसाठी माझा सल्ला ठाम आहे: दोन तासांच्या आतलं ठिकाण, दोन रात्री, एकच कॅम्पग्राउंड. रोज नवी जागा गाठायचा बेत करू नका. आर.व्ही. लावायला आणि उचलायला वेळ लागतो, आणि पुळणीचा खरा आनंद एका जागी थांबण्यात आहे.

आधी ठिकाण ठरवा

शिकागोच्या मंडळींना सगळ्यात जवळ इंडियाना ड्यून्स, शहराच्या मध्यापासून साधारण ५० मैल. इथे एकमेकांना लागून दोन वेगळी उद्यानं आहेत आणि नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. एक इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्क: १९६६ साली राष्ट्रीय सरोवरकाठ म्हणून जाहीर झालं, फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला, आणि काठाची लांबी १५ मैल. दुसरं त्याच्या पोटातच असलेलं इंडियाना ड्यून्स स्टेट पार्क, १९२५ पासूनचं. दोघांचं प्रवेशशुल्क वेगळं, पासही वेगळे. एकाचा पास दुसरीकडे चालत नाही.

मुक्कामासाठी पहिल्यांदा स्टेट पार्कचं कॅम्पग्राउंड घ्या, कारण तिथे साइटवर, म्हणजे गाडी लावायच्या आपल्या जागेवर, वीज आहे. नॅशनल पार्कचं ड्यूनवुड कॅम्पग्राउंड झाडीतलं आणि शांत आहे, पण तिथे हुकअप, म्हणजे साइटवर वीज-पाण्याची जोडणी, नाहीत. बॅटरी आणि टाकीतलं पाणी पुरवून वापरायची सवय झाली की मग तिथे जा.

थोडं पुढे, शिकागोपासून अंदाजे ८० मैलांवर, मिशिगनमधल्या सॉयर गावाजवळ वॉरन ड्यून्स स्टेट पार्क आहे. तीन मैलांचा काठ, आणि पार्किंगला अगदी खेटून उभी असलेली टॉवर हिल ही टेकडी, सरोवरापासून २४० फूट उंच. लहान मुलं असतील तर मी डोळे मिटून हीच जागा सुचवेन. गाडीतून उतरलं की समोर वाळूचा चढ, मागे वळलं की पाणी.

ग्रँड रॅपिड्सकरांना ग्रँड हेवन आणि हॉलंड ही स्टेट पार्कं पाऊण-एक तासावर. ग्रँड हेवनचं कॅम्पग्राउंड पुळणीवरच आहे: फरसबंद साइट, चारी बाजूंनी वाळू, समोर धक्का आणि लाल दीपगृह. सावली मात्र नाही आणि वारा सतत. मिलवॉकीच्या लोकांनी शेबॉयगनजवळचं कोहलर-अँड्रे पाहावं. तिथे टेकड्यांमधून लाकडी फळ्यांची दोरखंडात गुंफलेली पायवाट आहे, त्यामुळे वाळूत पाय न रुतता चालता येतं. उत्तर शिकागोच्या उपनगरांतून एवढंही जायचं नसेल तर झायनचं इलिनॉय बीच स्टेट पार्क आहेच.

तारीख आणि आरक्षण

पाणी अंगावर घेण्यासारखं होतं ते जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. मे महिन्यात ऊन छान असतं, पण पाण्यात पाय घातला की हाडापर्यंत कळ जाते. माझी आवडती वेळ लेबर डेनंतरचा, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा आठवडा: शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते, पाणी अजून कोमट असतं.

मिशिगन आणि इंडियानाच्या स्टेट पार्कांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. जुलैचे शनिवार-रविवार त्याच सकाळी संपतात, त्यामुळे जानेवारीतच कॅलेंडरवर खूण करा. ते हुकलं तरी धीर सोडू नका. लोक बेत बदलतात, आणि मुक्कामाच्या आधीच्या आठवड्यात रद्द झालेल्या जागा दिसू लागतात. रविवार ते मंगळवार सुट्टी काढता आली तर फारच सोपं.

साइट निवडताना तीन गोष्टी पाहा: गाडी किती फुटांपर्यंत मावते, वीज ३० अँपिअरची की ५० ची, आणि सावली आहे की नाही. मिशिगनच्या बहुतेक स्टेट पार्कांत साइटवर वीज मिळते, पण सांडपाण्याची जोडणी नसते. त्यासाठी सगळ्यांसाठी मिळून एक डंप स्टेशन असतं. हे आधी माहीत असलं की पाणी जपून वापरलं जातं.

मिशिगनच्या स्टेट पार्कांत गाडीला रिक्रिएशन पासपोर्ट, म्हणजे प्रवेशाचा पास, लागतो. मिशिगनकर तो गाडीच्या नोंदणीबरोबर घेऊ शकतात, बाहेरच्यांनी फाटकावर घ्यायचा.

कोणती गाडी?

पहिल्यांदा विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. चौघांच्या कुटुंबाला २२ ते २५ फुटी क्लास सी पुरते. क्लास सी म्हणजे ट्रकच्या केबिनवर पुढे आलेला पलंग असलेली गाडी. तिला इलिनॉय, इंडियाना, मिशिगन तिन्हीकडे नेहमीचं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. ओढायचा ट्रेलर स्वस्त पडतो आणि तिथे पोचल्यावर आपली एस.यू.व्ही. मोकळी मिळते, पण मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं आणि ती सवय एका दिवसात होत नाही.

करार करताना विचारा: मैलांची मर्यादा किती, जनरेटरचे तासाला वेगळे पैसे आहेत का, आणि विमा कोणाचा. आपल्या कारच्या विम्यात भाड्याची आर.व्ही. येतेच असं नाही. गाडी ताब्यात घेताना दिलेली माहिती मोबाइलवर पूर्ण चित्रित करून ठेवा. कोणता नळ कुठला, कुठली खिट्टी कशाची, हे अंधारात आठवत नाही.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर केबिनवरचा पलंग मुलांना द्या आणि पायरी किती उंच आहे ते आधी पाहा. एक बुटकं, रुंद स्टूल घरून नेलेलं बरं.

रस्ता

शिकागोहून टोल न भरता जायचं असेल तर आय-९४ ने बिशप फोर्ड आणि पुढे बोरमन एक्सप्रेसवे. बोरमनवर ट्रकची रहदारी दाट असते. शुक्रवारी दुपारी तीननंतर तिकडे जाऊच नका, सकाळी निघा. आपली गाडी अंदाजे ११ फूट उंच आहे हे विसरायला होतं, म्हणून उंचीचा नेमका आकडा चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. शहरातले जुने रेल्वेपूल, पेट्रोलपंपाची छपरं आणि ड्राइव्ह-थ्रू यांच्यापासून लांब राहा. वळताना चाक मागे असतं आणि शेपूट बाहेर झुलतं, म्हणून मोठा वळसा घ्या. ताशी ६० मैल पुरे. चालत्या गाडीत कोणी उठून चहा करायचा नाही, सगळे पट्टा बांधून बसलेले.

आणि घड्याळ. इंडियाना ड्यून्सला शिकागोचीच वेळ चालते, पण मिशिगनची हद्द ओलांडली की तास पुढे जातो. मिशिगनच्या स्टेट पार्कांत साइट दुपारी तीनला मिळते आणि दुपारी एकला सोडायची असते, ती तिथल्या वेळेनुसार. शिकागोच्या मनगटावर तेव्हा बाराच वाजलेले असतात.

पोचल्यावरचा पहिला तास

सगळ्यांना पाण्याकडे पळायचं असतं. मुलांना एका मोठ्या माणसाबरोबर पाठवा आणि उरलेल्या दोघांनी गाडी लावा. क्रम पाळला की अर्ध्या-पाऊण तासात होतं.

आधी खाली उतरून साइट पायी फिरा. फांद्या किती खाली आहेत, विजेचा खांब कुठे आहे, चूल कुठे आहे ते पाहा. गाडीची जोडणीची बाजू चालकाकडची, म्हणजे डावी असते. खांब त्या बाजूला यायला हवा. गाडी मागे घेताना एक जण मागे, चालकाला आरशात दिसेल असा उभा हवा. तो दिसेनासा झाला की चालकाने लगेच थांबायचं. ओरडून काही कळत नाही, त्यामुळे हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या, किंवा दोघांनी फोन चालू ठेवा.

चाकं फरसबंद किंवा खडीच्या भागातच राहू द्या. वाळूकाठच्या पार्कांत कडेचं गवत घट्ट दिसतं, पण खाली भुसभुशीत वाळू असते. पाच-सहा टनांची गाडी त्यात एकदा बसली की टो-ट्रकशिवाय निघत नाही.

मग पातळी. ओट्यावर ग्लासात पाणी ठेवून अंदाज येतो, पण साधी स्पिरिट लेव्हल नेलेली चांगली. ज्या बाजूचं चाक खाली असेल त्याखाली प्लास्टिकचे ठोकळे घालून गाडी वर घ्यायची, आणि मग चाकांना पाचर. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर पातळी नीट असावीच लागते, नाहीतर तो थंड करत नाही.

वीज जोडताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा. विजेच्या झटक्यांपासून गाडी वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, त्याचे दिवे बरोबर दाखवत आहेत का ते पाहा, मग गाडीची केबल लावा आणि शेवटी ब्रेकर चालू. बाजूला सरकणारा भाग म्हणजे स्लाइड-आउट असेल तर तो उघडताना एकाने बाहेर उभं राहायचं. छत्री, म्हणजे ऑनिंग, उघडलीत तर पुळणीवर जाताना ती गुंडाळूनच जा. दुपारनंतर सरोवरावरून वारा अचानक उठतो आणि उघडी ऑनिंग मोडून टाकतो.

पिण्याचं पाणी पार्काच्या नळावरून, पिण्याच्या पाण्यासाठीच्या वेगळ्या पांढऱ्या किंवा निळ्या पाइपने भरा.

आतला स्वयंपाक

३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३,६०० वॅट. छपरावरचा ए.सी. दीड हजाराच्या आसपास घेतो, इंडक्शनची शेगडी पूर्ण आचेवर १,८०० घेते, आणि त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. म्हणून एका वेळी दोनच मोठी यंत्रं. खिचडी कुकरला लावायची आणि मायक्रोवेव्हही हवा असेल तर ए.सी. तेवढा वेळ बंद ठेवा, किंवा खांबावर वेगळं सॉकेट असेल तर इंडक्शन त्याला जोडून बाहेर टेबलावर मांडा.

बाहेर मांडणंच उत्तम, कारण फोडणी. मोहरी तडतडून हिंग-मिरची पडली की आर.व्ही.तला धुराचा अलार्म कान फाडतो. तो बंद करून ठेवू नका, छोट्या बंद जागेत गॅसबरोबर झोपायचं असतं. फोडण्या घरूनच करून नेल्या तर आणखी छान: कोरडी फोडणी डबीत भरली की पोहे, उपमा, दडपे पोहे चटकन होतात. मेथीचे ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं यांवर एक अख्खी दुपार निघते, आणि दुपारी चूल पेटवण्यापेक्षा पाण्यात असावं.

ताटं-पातेली धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. सांडपाण्याची टाकी लहान असते. त्यात डाळीचा लगदा आणि तेल गेलं की दुसऱ्या दिवशी वास सुटतो. लाकडं घरून आणू नका. एमरल्ड ॲश बोरर ही ॲशची झाडं मारणारी कीड २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडली आणि जळाऊ लाकडाबरोबर दूरवर पसरली. जिथे जाळायची तिथेच विकत घ्या. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, गाणीही तेव्हा आतच.

पाण्यात उतरण्याआधी

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा, पोहता येणाऱ्यांनी तर आधी.

कोकणात वाढलेल्यांना समुद्र कसा वाचायचा ते ठाऊक असतं: भरती कधी, ओहोटी कधी, कुठे चिखल, कुठे खडक. ते ज्ञान इथे कामाला येत नाही. ग्रेट लेक्सना भरती-ओहोटी आहे ती पाच सेंटिमीटरपेक्षाही कमी, म्हणजे नसल्यातच जमा. इथे सगळं वाऱ्यावर चालतं. आकाश निळंशार, ऊन स्वच्छ, आणि तरीही वारा पाण्याकडून जोरात असेल तर ते पाणी घातक असतं. समुद्रापेक्षा इथल्या लाटा लवकर लवकर येतात. एक झेलून श्वास घेईपर्यंत दुसरी तोंडावर. शिवाय गोड्या पाण्यात अंग खाऱ्या पाण्याइतकं तरंगत नाही.

पोहण्याच्या ठरलेल्या भागात झेंडा असतो. हिरवा असला तरी लक्ष ठेवून. पिवळा असला तर कमरेच्या वर जाऊ नका. लाल असला तर पाण्याबाहेर. मिशिगनच्या स्टेट पार्कांत दोन लाल झेंडे लावले म्हणजे पाण्यात जायला बंदीच. आणि मिशिगनच्या या पुळणींवर जीवरक्षक नसतात, हे नीट लक्षात घ्या. सकाळी हवामान खात्याचा बीच हॅझर्ड इशारा मोबाइलवर पाहायची सवय लावा.

लाटांनी काठाशी साठलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत परत जातं, तो रिप करंट. त्यात सापडलं तर काठाच्या दिशेने झगडायचं नाही, दम संपतो. पाठीवर वळा, तरंगत राहा, श्वास सावरा, आणि ओढ कमी झाली की काठाला समांतर सरकून बाहेर या. धक्क्याच्या बाजूने वाहणारा प्रवाह याहून वाईट, कारण एका बाजूला भिंतच असते. म्हणून दीपगृहाच्या धक्क्याजवळ पोहू नका, आणि लाटा वर चढत असतील तेव्हा त्यावर फोटो काढायलाही जाऊ नका. ग्रँड हेवनला आणि हॉलंडला हा मोह फार होतो.

फुगवलेले बदक, तराफे घरी ठेवा. वारा जमिनीकडून असला तर पाणी शांत, काचेसारखं दिसतं आणि बदकावर बसलेलं मूल बघता बघता आत जातं. मुलांना तटरक्षक दलाची मान्यता असलेलं लाइफ जॅकेटच घाला. एक मोठा माणूस फक्त पाण्याकडे बघायला नेमा, हातात फोन नाही, अर्ध्या तासाने पाळी बदला. आपल्याकडे चार कुटुंबं एकत्र गेली की सगळ्यांना वाटतं दुसरा कोणीतरी बघतोय.

कधी कधी आदल्या दिवशीचं कोमट पाणी सकाळी बर्फासारखं मिळतं. पूर्व काठावर उत्तरेचा वारा बराच वेळ वाहिला की वरचं गरम पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी वर येतं. अशा दिवशी टेकड्या चढा.

आणखी एक त्रास चावऱ्या माश्यांचा. घरमाशीसारख्याच दिसतात, घोटे फोडतात. इंडियानाच्या काठावर दक्षिणेचा वारा असला की त्या पुळणीवर जमा होतात. मोजे घातलेले बरे.

टेकड्यांवर

इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कात थ्री ड्यून चॅलेंज आहे: माउंट जॅक्सन १७६ फूट, होल्डन १८४, टॉम १९२. दीड मैलाची वाट, एकूण चढण ५५२ फूट. आकडे किरकोळ वाटतात, पण वाळूत प्रत्येक पाऊल अर्धं मागे घसरतं. सकाळी लवकर जा. उन्हात वाळू इतकी तापते की अनवाणी पाय भाजतात, म्हणून चपला हातात नव्हे, पायात. हवा स्वच्छ असली की काठावरून पाण्यापलीकडे शिकागोच्या इमारती उभ्या दिसतात. कोरड्या पुळणीवर पाय घासत चाललं तर वाळू चुईंचुईं आवाज करते. क्वार्ट्झचे गोल, स्वच्छ कण एकमेकांवर घासल्याचा तो आवाज. मुलं त्यात अर्धा तास रमतात.

टेकडीच्या कुशीवर उंच, पातळ पात्यांचं गवत दिसेल. ते मॅरम गवत. जवळ बसून पाहा: वाऱ्याने वाकलेल्या पात्याच्या टोकाने भोवतीच्या वाळूत अर्धवर्तुळं कोरलेली असतात, कंपासने काढावीत तशी. वाळू वर साठली की हे गवत आणखी वर वाढतं आणि खालून आडवे कोंब पसरवतं. या जाळ्यामुळे टेकडी जागेवर राहते. उन्हापावसात टिकणारं हे गवत माणसाच्या पायांखाली मात्र मरतं. मग वारा ती वाळू उचलतो आणि टेकडी चालू लागते.

टेकडी चालू लागली की काय होतं, त्याची गोष्ट सॉगटकजवळ आहे. तिथे कलामाझू नदीच्या मुखाशी सिंगापूर नावाचं लाकूड-कारखान्यांचं गाव होतं. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो आणि हॉलंड जळाली, ती पुन्हा उभी करायला इथलं जंगल कापलं गेलं, वाळू धरून ठेवणारी झाडं संपली. १८७५ च्या सुमाराला गाव ओस पडलं आणि पुढे टेकड्यांनी ते गिळलं. मिशिगन सिटीची कथा याच्या उलट. तिथली हूझियर स्लाइड ही जवळजवळ २०० फुटांची टेकडी लोक चढायला यायचे. बरण्यांच्या काचेसाठी तिची वाळू वॅगन भरभरून नेली आणि १९२० च्या सुमाराला टेकडी संपली. आज त्या जागी वीजकेंद्र आहे. शेजारच्या माउंट बाल्डी या टेकडीकडे गेलात की त्याचा भला मोठा शीतलीकरण मनोरा दिसतो.

माउंट बाल्डी अजून सरकते, वाटेतली झाडं गाडत जाते. गाडलेली झाडं आत कुजतात आणि वाळूत पोकळ नळ्या उरतात. जुलै २०१३ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा अशाच एका नळीत पडला आणि तीन तासांहून जास्त वेळ वाळूखाली होता, तो वाचला. तेव्हापासून या टेकडीवर रेंजर, म्हणजे उद्यानाचा रक्षक, बरोबर असला तरच जाता येतं. कुंपण, दोरी, पाटी दिसली तर ती पाळा, त्यामागे असं काही कारण असतं. वाळूत खोल खड्डे खणून आत बसू नका, मुलांना तर मुळीच बसू देऊ नका.

वाटेवरून परतल्यावर पायांना गोचीड चिकटलीय का ते तपासा. तीन-तीन पानांचा, अंगाला पुरळ आणणारा पॉयझन आयव्ही झाडीत भरपूर आहे. त्याला हात लावायचा नाही.

निघताना

काळी टाकी म्हणजे संडासाची, करडी टाकी म्हणजे आंघोळ आणि भांड्यांची. सुरुवातीलाच काळ्या टाकीत थोडं पाणी आणि औषधाची पुडी घालून ठेवा, आणि आर.व्ही.साठीचाच विरघळणारा कागद वापरा.

डंप स्टेशनवर रविवारी सकाळी दहा ते एक मोठी रांग असते. आठला गेलात तर मोकळं मिळतं. हातमोजे घाला. जाड पाइप गाडीला आणि जमिनीतल्या भोकाला घट्ट बसवा, मगच काळ्या टाकीची झडप ओढा. ती पूर्ण रिकामी झाली की झडप बंद, मग करडी उघडा. साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुऊन निघतो. तिथला पाइप धुण्याचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळे असतात, पाटी वाचा.

गाडी हलवण्याआधी बाहेरून एक फेरी मारा: केबल काढली, पायरी आत, छपरावरची झडप बंद, पाचर उचलले, कपाटांच्या खिट्ट्या लागल्या. वाळू ब्रशने झाडून काढा, ओल्या फडक्याने पुसलीत तर ती स्लाइड-आउटच्या खाचांत जाऊन बसते.

दुसऱ्या खेपेला

एकदा हे जमलं की उत्तरेला जा. शिकागोहून ३०० मैलांहून थोडं जास्त अंतरावर स्लीपिंग बेअर ड्यून्स आहे, १९७० पासून राष्ट्रीय सरोवरकाठ. इथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांच्या कथेत वणव्यातून सुटण्यासाठी एक अस्वलीण दोन पिल्लांसह विस्कॉन्सिनहून पोहत निघते. ती काठाला लागते, पिल्लं मागे बुडतात. वाट पाहत झोपलेली आई म्हणजे ही टेकडी, आणि समोरची नॉर्थ आणि साउथ मॅनिटू बेटं म्हणजे तिची पिल्लं.

मुक्कामाला प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंड घ्या, काही साइटवर वीज आहे. प्लॅट नदी उथळ, स्वच्छ आणि संथ; ट्यूबमध्ये बसून ती सरोवराला मिळते तिथपर्यंत तरंगत जाता येतं. लहान मुलांसाठी याहून चांगलं पाणी मला या काठावर ठाऊक नाही. डी. एच. डे कॅम्पग्राउंड पुळणीच्या जवळ आहे, पण तिथे हुकअप नाहीत.

ड्यून क्लाइंब ही इथली वाळूची मोठी चढण चढून वर गेलं की समोर सरोवर असेल असं वाटतं. नसतं. पुढे आणखी टेकड्या आहेत. पाण्यापर्यंत जाऊन परत यायचं तर साडेतीन मैल आणि तीन-चार तास, वाटेत सावली नाही. बरोबर पाणी नसेल तर पहिल्या माथ्यावरून मागची ग्लेन लेकची निळाई बघून उतरा. पिअर्स स्टॉकिंग या ७.४ मैलांच्या रस्त्यावर नवव्या थांब्यापाशी कडा ४५० फूट सरळ पाण्यात उतरतो. पोरं पाच मिनिटांत खाली पोचतात, पण वर यायला चांगल्या धडधाकट माणसालाही तास-दोन तास लागू शकतात. आई-बाबांना इथे आवर्जून आणा, बसून पाहण्यासाठी. उतरू कोणालाच देऊ नका. मोठी आर.व्ही. कॅम्पवर ठेवून हा रस्ता छोट्या गाडीने केलेला चांगला, म्हणून या सहलीला एखादं कुटुंब कार घेऊन बरोबर असावं.

काठावरच्या गोट्यांत षट्कोनी नक्षी असलेला करडा दगड सापडला तर तो पेटॉस्की दगड, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळाचा जीवाश्म, मिशिगनचा राज्य-दगड. कोरडा असताना तो साधाच दिसतो, पाण्यात बुडवला की नक्षी उमटते. स्लीपिंग बेअरच्या हद्दीतून तो उचलायला मनाई आहे, तिथे पाहून परत ठेवायचा. मिशिगन राज्याच्या मालकीच्या काठांवर माणशी वर्षाला २५ पौंडांपर्यंत गोळा करता येतो, तेव्हा मुलांना घरी न्यायचाच असेल तर त्यासाठी एखादी सकाळ स्टेट पार्कच्या पुळणीवर राखून ठेवा.